निळ्या दोऱ्याचे टाके

"आजी, सीरियसली, यू आर इन द बुक," म्हणत मैत्रेयीनं लॅपटॉप थेट गरम कुकरशेजारी आणून ठेवला.

इंदुमतीबाईंनी पदराला चष्मा पुसला. ईमेल लंडनहून आली होती. 'द सॉल्ट लँटर्न्स' या जुन्या ब्रिटिश पॉप बँडचं अधिकृत चरित्र निघत होतं, आणि त्यातला एक परिच्छेद चरित्रलेखिकेनं तपासायला पाठवला होता. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. नातीनं तो वाचून मराठीत सांगितला, तिला जमेल तसा.

१९८६च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळानं हा बँड तीन दिवस कॅनडातल्या एडमंटनच्या हॉटेलात अडकला होता. गायकाचं पांढरं जॅकेट पाठीवर उभं उसवलं. लाँड्रीतल्या 'इंदू' नावाच्या भारतीय बाईनं ते निळ्या दोऱ्यानं शिवून दिलं. गायकाला ते टाके इतके आवडले, की त्यानं ते कधी झाकले नाहीत. पुढे त्याचे चाहते हौसेनं आपापल्या जॅकेटांवर निळे टाके घालू लागले.

"धिस इज सो कूल. तू मला कधीच सांगितलं नाहीस," मैत्रेयी म्हणाली.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून तिचे आजोबा वाल्मिकराव खोकले.

तो खोकला आजाराचा नव्हता. इंदुमतीबाई रोज सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणत. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलापाशी आल्या, की खुर्चीतून हाच बारीक खोकला यायचा. एकोणचाळीस वर्षांत तो एक दिवस चुकला नव्हता.

कारण ते जॅकेट इंदुमतीबाईंनी शिवलंच नव्हतं. त्यांना तेव्हा सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. वाल्मिकरावांचं मात्र नागपूरला इंदोऱ्यात टेलरिंगचं दुकान होतं. एडमंटनला आल्यावर त्यांना गोदामात फोर्कलिफ्ट चालवावी लागली, आणि शिवण घरच्या बेसमेंटपुरती उरली. एप्रिलच्या जयंतीसाठी ते मंडळाचा निळा झेंडा शिवत होते. बाईंनी लपवून घरी आणलेलं जॅकेट त्यांनीच रातोरात शिवलं, आणि मशीनजवळ दोरा होता तो तेवढाच, निळा. पाहुण्याचा कपडा हॉटेलबाहेर नेला तर नोकरी जायची. म्हणून कुणी शिवलं असं हॉटेलात विचारल्यावर बाई बोलून गेल्या, "मी शिवलं." झालं, हॉटेलनं त्यांना शिवणखोलीत बसवलं. मग महिनाभर नवऱ्यानं त्यांना बेसमेंटमध्ये टाके शिकवले, आणि सव्वीस वर्षं त्यांनी ती नोकरी केली.

मैत्रेयी कॉलेजला गेल्यावर त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या. "अहो, मी खरं काय ते सांगून टाकते."

"काहून? चांगलं लिहिलं तिनं. तुह्यं नाव राहू दे. मले कोण ओळखते?"

"म्हणूनच सांगते."

"अन् लोक काय म्हणतील? सव्वीस वर्षं शिवणखोलीत बसली, अन् पहिलं कामच हिचं नव्हतं."

"म्हणू देत. तुम्ही रोज खोकता, ते बरं चालतं?"

वाल्मिकराव मिशीत हसले. "मी तं गंमत करून राहिलो होतो."

"मला ती रोज टोचायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. इंदुमतीबाईंनी नीट इस्त्रीची साडी नेसली होती, आणि हॉटेलात शिकलेल्या इंग्रजीत त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. लेखिकेनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, पुस्तक अधिकृत आहे, प्रत्येक ओळीला बँडची मंजुरी लागते, मला गायकाला विचारावं लागेल. कदाचित हा परिच्छेदच काढावा लागेल.

कॉल संपला. आपलं नाव जाईल याचं बाईंना काही वाटलं नाही. पण आता यांचंही येणार नव्हतं. वाल्मिकरावांनी स्वतः चहा केला, साखर जास्त घातली. चौथ्या दिवशीही ईमेल नाही म्हटल्यावर "जाऊ दे, बर्फासंगं वितळलं ते," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मैत्रेयी वाचता वाचताच हसायला लागली. "आजी, ही ऑलवेज न्यू. गायकाला तेव्हाच माहीत होतं."

"कसं काय?"

"जॅकेटला मेथीच्या फोडणीचा वास येत होता म्हणे. हॉटेलच्या लाँड्रीत फोडणी कुठून येणार? हे कुणाच्या तरी घरी जाऊन आलंय, हे त्यानं ओळखलं. पण बोललो तर तुझा जॉब जाईल, म्हणून गप्प बसला. आणि तो म्हणतोय, त्यानं आठवडाभर ते धुऊ दिलं नाही."

वाल्मिकराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तरी तुले म्हटलं होतं त्या दिवशी, दार लाव किचनचं."

ऑक्टोबरात जाडजूड पुस्तक घरी आलं. मैत्रेयीनं खूण घालून ठेवली होती. पानभर फोटोत गायक पाठमोरा उभा होता, आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत निळी रेघ. खाली इंग्रजीत छापलं होतं : 'टाके : वाल्मिक मेश्राम, टेलर.' वाल्मिकरावांनी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. चाळीस वर्षांत या देशात त्यांना तसं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुमतीबाईंनी मेणबत्ती लावली. पहिलं, दुसरं, तिसरं शील झालं. चौथं म्हणून झाल्यावर सवयीनं त्या जरा थांबल्या. मागून काहीच आवाज आला नाही. त्यांनी वळून पाहिलं.

वाल्मिकराव मांडीवर पुस्तक घेऊन भिंगातून फोटो पाहत होते. बायको थांबली हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"इंदू," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तिसरा टाका वाकडा पडला व."

बाई तसबिरीकडे वळल्या आणि पाचवं शील म्हणू लागल्या.