दुमड

एंगलबर्टने पोत्याचं तोंड सोडलं आणि अर्धं वारूळ पांढऱ्या चादरीवर पालथं केलं. पाइनच्या काड्या, माती, हजारो तांबड्या मुंग्या आणि त्यांच्यात गव्हाच्या दाण्यांएवढी पांढुरकी अंडी. आंबट वाफ नाकात चढली. त्याची बायको वालपुर्गा चादरीची एक लांब कड तिथे मांडलेल्या ओल्या डहाळ्यांवरून आत दुमडत होती. त्या दुमडीखाली हातभर काळोख तयार झाला.

यापुढे माणसाने काही करायचं नसे. उन्हाने बावरलेल्या मुंग्या एकेक अंडं तोंडात धरून त्या काळोखात नेऊन ठेवत. तासाभरात दुमडीखाली निवडलेला, स्वच्छ ढीग साचे, व्हिएन्नातल्या पिंजऱ्यांमधल्या पाखरांसाठी. ही दुमड एंगलबर्टला बापाने दिली होती, आणि त्याने ती एकाच माणसाला दाखवली होती: लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये, वालपुर्गाला. तेव्हा ती दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली होती. आपल्या हातांकडे कुणी इतक्या कौतुकाने पाहू शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पाऊलवाटेवर कुणीतरी खोकलं. वालपुर्गा लगबगीने चादरीच्या त्याच कडेला बसली, घागरा दोन्ही बाजूंना दूरवर पसरला आणि त्याच्या चुण्या सारख्या केल्या.

तिसरा दिवस, एंगलबर्टच्या मनात आलं. गुरुजी आले की फोटो काढून घ्यायला बसावं तशी बसते.

झाडांतून गुरुजी आले. शाळेवर वसंतात रुजू झालेले, सडपातळ, गळ्यात दोरीला भिंग आणि आज काखेत एक घडी घातलेली चादर.

"आज काय सापडलं, एंगलबर्ट?"

"मुंग्या. काल होत्या त्याच."

गुरुजी हसले. त्यांनी एक अंडं नखाने अलगद उकललं आणि भिंगासकट वालपुर्गाच्या हातात दिलं.

"अगं आई! पाय पोटाशी घेऊन झोपलीय ही! डोळेसुद्धा आहेत!"

"ही अंडी नव्हेतच, बाई. कोष आहेत. खरं अंडं मिठाच्या कणाएवढं असतं. एंगलबर्ट, तुम्ही जन्मात एकही अंडं विकलेलं नाही!"

वालपुर्गाचे दोन्ही हात तोंडावर गेले. तेच हसू. एंगलबर्टने फावड्याचा दांडा घट्ट धरला.

"बाजारात अंडीच म्हणतात," तो म्हणाला. "माझा बाप अंडी म्हणायचा. पाखरंही अंडी म्हणूनच खातात."

"पाखरांनी तुझ्या कानात सांगितलं वाटतं?" वालपुर्गा म्हणाली.

"तुम्हीही बघा ना." गुरुजींनी भिंग पुढे केलं.

"मला डोळे आहेत."

गुरुजींनी संकोचत आपली चादर उलगडली. मुलांना शाळेत दाखवायचं होतं. थोडं आपल्या हातांनी करून पाहिलं तर चालेल का?

"चालेल की," एंगलबर्ट म्हणाला. उरलेलं वारूळ त्याने त्या चादरीवर ओतलं. "आता थांबा. बाकीचं मुंग्या बघतील."

दुमडीबद्दल तो बोलला नाही.

ऊन चढलं. गुरुजींच्या सपाट चादरीवर मुंग्या पांढरी गाठोडी उंच धरून गोल गोल धावू लागल्या. काठापर्यंत जायच्या, तिथेही ऊनच, परत फिरायच्या. एंगलबर्टला आत कुठेतरी गार वाटलं. बघ म्हणावं आता, भिंगातून बघ. त्याने बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती, ओठ आवळून.

"मला जमत नाही," गुरुजी शेवटी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "खरं सांगतो, एंगलबर्ट, दोन दिवस, तुम्ही वारूळ आणायला गेलात की, बाईंना हेच विचारतोय. मुंग्या आणि अंडी वेगळी कशी होतात? एकच उत्तर. 'ते त्याचं आहे, त्यालाच विचारा.' आणि तुम्हाला विचारायची मला भीती वाटते."

एंगलबर्टची नजर वालपुर्गाच्या घागऱ्यावर गेली. तो अजून तसाच पसरलेला होता, चादरीची दुमडलेली कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकून. घागऱ्याच्या काठाखालून मुंग्यांची एक रांग तिच्या घोट्यावर चढली होती. मोज्याच्या वर लाल गांध्या उठल्या होत्या, आजच्या आणि त्यांच्याखाली कालच्या, परवाच्या, सुकून तपकिरी झालेल्या.

ती जागची हलली नव्हती.

समोर मुंग्या उन्हात गाठोडी घेऊन धावतच होत्या.

मग फावडं टाकून तो गुरुजींच्या चादरीपाशी गुडघ्यांवर बसला.

"इकडे या. चार डहाळ्या आणा, ओल्या," तो म्हणाला. "कड अशी धरायची. अशी आत घ्यायची. दाबायची नाही."

पहिली मुंगी दुमडीपाशी थबकली आणि गाठोड्यासकट आत शिरली. तिच्यामागे दुसरी. गुरुजींनी श्वास रोखला होता.

"ऊठ आता," एंगलबर्ट मागे न पाहता म्हणाला. "चावून खाल्लं तुला त्यांनी."

"आत्ता दिसलं होय?" वालपुर्गा म्हणाली.

तिने घागरा झटकल्याचा आवाज आला. एंगलबर्टने मातीचा हात विजारीला पुसला आणि गुरुजींपुढे केला.

"ते भिंग," तो म्हणाला. "जरा द्या बघू."