ग्रंथात नसलेला आवाज

मित्रांनो, मी एका एडक्याचं शिंग. मंगळवेढ्याच्या माळावर हरिबाच्या कळपात वाढलेलं. एडका म्हातारपणी गेला, तेव्हा हरिबानं मला सोलापूरच्या दोस्ताच्या हाती दिलं. "लई धडका दिल्या ह्यानं, पर शिंगाला चीर न्हाय बगा," तो म्हणाला.

हा दोस्त म्हणजे बिन्यामीन झिराडकर, शुक्रवार पेठेत राहणारा बेने इस्रायली ज्यू. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात तो नोकरीला होता. त्यानं मला उकळत्या पाण्यात मऊ केलं, टोकाशी भोक पाडलं, घासूनपुसून चकचकीत केलं. माझा शोफार, म्हणजे सणाला फुंकायचं पवित्र शिंग, झाला. नव्या वर्षाच्या सणाला शहरातली चार-दोन ज्यू कुटुंबं त्याच्या माडीवर जमत आणि तो मला फुंकत असे. ऐकता ऐकता माणसं डोळे पुसत. मला केवढा अभिमान वाटे!

त्याचा मुलगा शालोम वकील झाला. एके वर्षी सणाच्या तोंडावर तो म्हणाला, "बाबा, तोरा, आपली पवित्र पोथी, मी ओळ न् ओळ वाचली. 'नादाचा दिवस पाळा,' एवढीच आज्ञा आहे. शिंग कुठं लिहिलंय? कसं फुंकायचं, तेही नाही. लेखी नाही ते मी मानणार नाही."

"आणि वाचलीस कशी रे?" बिन्यामीननं विचारलं. "पोथीच्या त्या गुंडाळीत नुसती अक्षरं आहेत, काना-मात्रा नाहीत. त्या तू माझ्या तोंडून शिकलास. तेवढं तोंडी चाललं, मग पुढचं का नाही?"

शालोमला ते पटलं नाही; त्यानंतर तो सणाला माडीवर येईनासा झाला.

मग बिन्यामीनला घशाचा आजार जडला. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. आता तो मानेला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेई. फुंकणार कसा? मी कपाटात धूळ खात पडून राहिलो.

सण जवळ आला. "यंदा मुकाच जायचा का रे?" आई मिलकानं शालोमला विचारलं. बापाच्या आवाजासाठी तो स्वतःच झुरत होता. त्यानं मला बाहेर काढलं, पुस्तकं उघडली. नादांची नावं सापडली. नाद काही सापडेना. फुंकलं तर नुसती फुसफुस.

तेव्हा बिन्यामीन उठला. मुलाच्या पाठीमागे उभा राहिला आणि त्यानं तळहात त्याच्या पाठीवरून सावकाश खाली ओढला. हा लांब नाद. मग थबकत थबकत थापा. हे हुंदके. मग बोटांचा भरभर ताशा. ही थरथर.

"असं, बाबा?"

बिन्यामीन नाही म्हणून मान हलवी आणि पुन्हा हात ठेवी. शालोमचे ओठ फुटले, तरी त्यानं मला सोडलं नाही.

सणाला माडी भरली. बापाचा हात पाठीवर घेऊन शालोमनं मला उचललं. पहिलाच नाद सरळ, लांब निघाला, खिडकीतून पेठेवर गेला. खाली स्कूटरवाले थांबून वर बघू लागले. मग हुंदके उमटले, मग थरथर. डोळे गेलेली रिबका आत्या दारातूनच ओरडली, "अगं बाई, बिन्यामीनचा आवाज परत आला की!"

बिन्यामीन बिनआवाजाचा हसत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मुलांनो, चांगलं ते लिहून ठेवा, जरूर ठेवा. पण तुमच्या घरातही कुणाच्या ओठांवर, कुणाच्या हातात काहीतरी असेल. ते माणूस समोर आहे तोवर त्याच्याजवळ बसा, ऐका, करून बघा.

त्या दिवशी सणाच्या, गव्हाच्या चिकाच्या हलव्याची ताटं तशीच राहिली. "आणखी एकदा, शालोम!" सगळे म्हणाले. शालोमनं बापाकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि मला पुन्हा ओठांशी धरलं.