चंद्रमतीचे चार नवरे

माझ्या बायकोला चार नवरे आहेत, असं विद्यापीठाच्या यंत्राचं म्हणणं आहे. एकावन्न वर्षं संसार केला मी, आणि हे मला गेल्या मंगळवारी कळतं!

झालं असं. माझ्या बहिणीची नात हरिता तंजावुरातल्या मराठी घरांतल्या बायकांवर पीएच.डी. करते. तिला विद्यापीठानं एक एआय मदतनीस दिलाय. फोन टेबलावर ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. तो ऐकतो, लिहून घेतो, वर मुद्देही काढून देतो. चंद्रमतीनं त्याच्यासमोर दोन तास तोंड चालवलं. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. प्रबंधात माझं नाव येणार म्हणून खुशीत होतो, खोटं कशाला बोलू? तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण नाव कुठे छापून आलं नाही. लग्नपत्रिकेत आलं, तेही चुकीचं.

मंगळवारी हरिता हसू दाबत नोंदी वाचायला लागली.

"पहिले पती, 'घरचे'. सांबारात मीठ कमी पडलं की पानावर रुसतात. दुसरे, 'अखिलाचे अप्पा'. मुलीच्या लग्नात पुरणाच्या बोळीवरून व्याह्यांशी भांडले. तिसरे, 'वाध्यार'. यांना जगातलं सगळं कळतं, फक्त गॅस बंद करायचं कळत नाही. चौथे, 'ऐकलंत का'. यांना अकरा वेळा हाक मारली, एकदाही उत्तर नाही."

"अरे गाढवा!" मी फोनवर ओरडलो. "घरचे मी, अखिलाचा अप्पा मी, वाध्यार म्हणजे मास्तर, तोही मीच!"

"मला ठाऊक आहे, आजोबा," हरिता म्हणाली. "पण आजीनं तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. ती म्हणेल तेच छापायचं, असा माझ्या गाईडचा, सुब्रमण्यम सरांचा दंडक आहे. तिनं एकदा 'सेतुराम' म्हटलं की चौघांचा एक होईल."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. चंद्रमती वडे तळत होती.

"माझं नाव घे. एकदाच."

"अय्यय्यो, नोको!"

"चार नवरे छापून येतील तुला!"

"येऊ देत. एवढा एक सांभाळला, आणखी तिघांचं काय मोठंसं?"

माझं डोकंच फिरलं. पोस्टमनचं नाव घेते, सिरीयलमधल्या खलनायकाचं घेते, माझंच तेवढं जड होतं! मी अबोला धरला. तीन दिवस धरला. कॉफी तेवढी घेत होतो.

शुक्रवारी हरिता पुन्हा आली. सोमवारी तिला प्रकरण सरांना द्यायचं होतं. मी धोतर वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या अंगणात, खिडकीखाली उभा राहिलो.

"आजी, फक्त नाव सांग. बाकी काही विचारत नाही."

आत चंद्रमतीनं खुर्ची ओढली. ती बसून बोलायला लागली की मला भीती वाटते.

"माझ्या आईनं रागाच्या भरात एकदा अप्पांचं नाव घेतलं," ती म्हणाली. "पंधरवड्यात ते गेले. थोतांड आहे, कळतं गं मला, मीही कॉलेजात गेलेय. पण हे ऐंशीला टेकले. आता मी कसाला परीक्षा बघू? पुस्तकात नाव नसलं तर नसू दे. माणूस घरात हवा मला."

मी धोतर तसंच चिखलात टाकलं आणि खिडकीचे गज धरले.

"हरिता! चारच राहू दे! चार छाप!"

टेबलावरचा फोन उजळला. हरितानं तो उचलून मोठ्यानं वाचलं:

"पाचव्या पुरुषाचा आवाज. ओळख पटलेली नाही. रडत आहे."