नळीतला काळा कण

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मोडक्या पंख्याशेजारी उभा आहे ना, तो मीच. मी एक जुना चुंबकी तराजू आहे. माझ्या एका हाताला काचेची नळी टांगतात आणि तिचे टोक दोन जाड चुंबकांच्या मधोमध लोंबते. चुंबकात वीज सोडली की नळीतली पूड खाली ओढली गेली तर वजन वाढते, दूर ढकलली गेली तर किंचित घटते. माझे काम एवढेच, पण ते चोख. "हा कधी खोटं बोलत नाही," असे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुशारून जाई.

त्या काळी सरांची एक विद्यार्थिनी इथे संशोधन करत होती; तिला सगळे ताई म्हणत. क्रोमियमचे दोन अणू थेट एकमेकांना जोडलेले एक नवे संयुग तिला बनवायचे होते. असे अणू एकेकटे असले की चुंबकाकडे धाव घेतात. घट्ट जोडी जमली की त्याला भीकही घालत नाहीत, उलट किंचित दूर सरतात. जोडी जमली की नाही, हे मी सांगायचे होते. तीन वर्षे संयुगाने तिला हुलकावणी दिली. जरा हवा लागली की लाल पूड हिरवी पडे. शेवटी सरांनी बजावले, या खेपेला झाले नाही तर विषय बंद.

त्या खेपेला लाल रंग टिकला. पण पूड भांड्याच्या तळाला अशी चिकटली, की हवाबंद पेटीत खरवडताना प्लास्टिकचा चमचा मोडला. काचसामान धुणाऱ्या काकांना तिची दया आली. त्यांनी पेटीच्या झडपेतून जुना लोखंडी चमचा आत सरकवला. पूड निघाली, नळीत भरली, नळीचे तोंड वितळवून बंद केले.

वीज सुरू झाली आणि वजन वाढले.

"जोडी नाहीये. तराजूच सांगतोय," सर म्हणाले.

चुंबकाचा जोर बदलून दुसरे वजन घ्यायची इथली रीत होती. त्या दिवशी कोणी ते घेतले नाही. ताईने हुज्जत घातली नाही. तिने माझ्यावर झाकण घातले आणि ती गेली. पुढे ती विमा कचेरीत लागल्याचे कानावर आले. काकांनी नळी माझ्या खालच्या खणात ठेवून दिली.

मग नवे यंत्र आले आणि माझी कोपऱ्यात रवानगी झाली. गेल्या महिन्यात नव्या बाईंनी विद्यार्थ्यांना दाखवायला मला पुसून घेतले. काकांनी तीच नळी दिली. बाईंनी दोन वजने घेतली. त्यांचा मेळ बसेना, म्हणजे पुडीत काहीतरी परके होते. त्यांनी छोटे चुंबक काचेवरून फिरवले, तर मोहरीहून बारीक काळा कण पुडीतून निघून वर सरकला. लोखंडाचा. तो वरच्या टोकाच्या खाचेत, माझ्या चुंबकांपासून दूर, अडकवला आणि या वेळी वजन घटले. जोडी होती, पहिल्या दिवसापासून होती.

काका स्टुलावर बसले. "चमचा मी दिला होता," एवढेच बोलले. मग त्यांनी ताईला फोन लावून सगळे सांगितले. ताईने एकच विचारले.

"काका, रंग अजून लाल आहे का?"

"आहे ताई. तसाच आहे."

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो, पण त्याने माझे दुःख कमी होत नाही. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. फक्त माझ्या एका उत्तरावर कुणाला घरी पाठवू नका. दुसरे वजन घ्यायला पाच मिनिटे लागतात.