लोखंडी साडीगार्ड

भांडी घासून झाली, पण शिवकांतानं पाणी मोरीत ओतलं नाही. घमेलं उचलून ती अंगणात आली आणि राखेचं, खरकट्याचं ते पाणी तिनं जुन्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी भिरकावलं. चिखल उडाला आणि साडीगार्डवर, पाय ठेवायच्या लोखंडी पट्टीवर जाऊन बसला. भिंतीकडेला जास्वंदीच्या सावलीत नवी गाडी उभी होती. तिच्यावर मात्र तिनं एक थेंब उडू दिला नाही.

नवी गाडी तिच्या नवऱ्यानं, हरिओमनं, काल संध्याकाळी आणली होती. शोरूमवाल्यानं एक दिवस चालवून बघायला दिलेली. लाल भडक, पुढून खाली झुकलेली आणि मागून वर उचललेली. हरिओम सर लातुरातल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. बारावीची पोरं जिल्ह्याजिल्ह्यांतून येत होती, चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लागत होते आणि क्लासच्या दारात सरांच्या गाड्या रांगेत उभ्या राहत होत्या. त्या रांगेत हरिओमची गाडी लांबून ओळखू यायची. साडीगार्ड एवढं जाडजूड, की पोरं तिला सरांचं दुधाचं गाडं म्हणायची. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण हरिओमच्या कानावर गेलंच होतं.

एके काळी हीच गाडी निलंग्याच्या बाजारात फिरली की पोरं तिच्यामागं धावायची. ब्याण्णवच्या लग्नात दगडोबानं जावयाला दिलेली. ते लग्न शिवकांताचं नव्हतं, हरिओमच्या पहिल्या बायकोचं, महानंदाचं होतं. दगडोबाची ती एकुलती एक पोर. गाडी दिली आणि पुन्हा निलंग्यात एका वेल्डरसमोर दिवसभर बसून त्यानं हे गार्ड बनवून घेतलं. पोरीचा पदर चाकात जाऊ नये, पाय लोंबकळू नयेत, ती सुखानं माहेराला यावी, एवढाच त्याचा हिशेब होता. आणि ती सुखानंच आली. त्र्याण्णवच्या गणपतीत विसर्जनाच्या आदल्या दिवशी हरिओमनं तिला याच गाडीवरून माहेरी सोडलं आणि क्लास आहे म्हणून तो लातूरला परतला. विसर्जनाच्या रात्रीच भूकंप झाला, त्यात महानंदा गेली, तिची आई गेली. दगडोबा गोठ्यात निजला होता म्हणून राहिला.

हरिओमचं दुसरं लग्न झालं ते मुरुडच्या शिवकांताशी. पहिली गेली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि पहिलीच्या आईबापानं तिला लेक मानायचं, ही रीत. शिवकांतानं टाक घातला. हरिओम तिला गाडीवर बसवून दगडोबाच्या नव्या, सरकारनं बांधून दिलेल्या घरी घेऊन गेला. शेजारणीनं ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. दगडोबा दारात आला, त्यानं गाडीच्या मागच्या शीटवर बसलेल्या बाईकडं बघितलं, आणि म्हणाला, माझी एकच होती. मग पायताण घालून रानाकडं निघून गेला. ओटीचं ताट तसंच राहिलं.

त्यानंतर दर नागपंचमीला गल्लीतल्या बायकांना न्यायला कुणाचा बाप येई, कुणाचा भाऊ येई. मुरुडचे तिचे भाऊ म्हणत, तुला आता दोन माहेरं, पहिला मान दगडोबांचा. आणि ज्यांचा मान, ते येत नव्हते. म्हाताऱ्याचा राग तिनं गाडीवर काढला. ही घाण दारातून काढा, मी मेलेल्या बाईच्या जागेवर बसून गाव फिरणार नाही, असं ती वर्षानुवर्षं हरिओमला ऐकवत आली होती. आणि फिरायची मात्र त्याच पट्टीवर पाय ठेवून, कारण दुसरं काही नव्हतं.

आता हरिओमच्याच मनात आलं होतं. जुनी घेऊन नवी द्यायला शोरूमवाला तयार होता. अडचण एकच, गाडीचे कागद अजून दगडोबाच्या नावावर होते. त्याची सही लागणार. हरिओमनं निरोप धाडला, आणि आज म्हातारा येणार होता.

तो अकराच्या सुमाराला यष्टी स्टँडवरून चालतच आला. घरात या म्हटलं तरी आला नाही. पाणी विचारलं तर पिऊन आलोय म्हणाला. शिवकांता तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच मागं वळली आणि तिनं तांब्या मुद्दाम आपटून ठेवला. दर वेळी हेच. लातूरला दवाखान्यात आला तरी समोरच्या हॉटेलात पाणी पिऊन मगच तो या दारात यायचा.

हरिओमनं कागद बाहेर आणले, पेन काढलं, आणि वर्गात समजावतात तसं समजावायला लागला. जुनी आता धूर ओकते, सामान मिळत नाही, क्लासचे मालकसुद्धा म्हणतात की सरांना शोभेल अशी गाडी हवी. दगडोबा ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "इकायला काडली व्हय, मास्तर? पोरगीबी आशीच सोडून आला हुतास. दारात उतरिवली न् गेलास."

हरिओमचा चेहरा उतरला. हे तो दर भेटीत ऐकत आला होता. तरीही त्याचा आवाज चढलाच. म्हणाला, मी तिला मारायला नेली नव्हती, मामा, तुम्हीच बोलावली होती. शिवकांता दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिला दोघांचाही राग आला. एक बाई मरून एवढी वर्षं झाली तरी हे दोघं तिच्यावरून भांडतात आणि जिवंत बाई दारात उभी आहे ती कुणाला दिसत नाही. कर म्हणावं सही आणि जा एकदाचा, असं तिला झालं.

म्हातारा नव्या गाडीकडं गेला. आरशावरून हात फिरवला. मग जास्वंदीच्या फांद्या बाजूला सारून तो भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत शिरला. डावी बाजू तिकडं होती. तिथं तो बराच वेळ वाकून राहिला.

"हिला गार्ड कुठंय?"

हरिओम हसला. शोरूमवाल्यानं लावूनच दिलं होतं, मीच काढायला लावलं, म्हणाला. असल्या गाडीला ते चांगलं दिसत नाही. बाहेर आलेली पाय ठेवायची पट्टीसुद्धा काढली.

शिवकांता पायऱ्या उतरून आली. काल संध्याकाळपासून ती या गाडीभोवती फिरत होती, पण हात लावायची भीती वाटत होती, आणि भिंतीकडची बाजू तिनं बघितलीच नव्हती. आता बघितली. मागचं शीट तळहाताएवढं, उतरतं. एक पाय इकडं आणि एक तिकडं टाकणाऱ्या माणसासाठी. साडी नेसलेल्या बाईनं बसावं अशी तिथं जागाच नव्हती. या गाडीवरून गंजगोलाईच्या बाजारातून जायचं तिनं रात्रभर मनात रंगवलं होतं.

"मग मी कुठं बसू?" तिनं विचारलं.

"रिक्षा लई झाल्यात की लातुरात," हरिओम म्हणाला. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. तो कागदाची घडी सरळ करत होता.

"मास्तर," दगडोबा फटीतून बाहेर आला. "लेक पंचमीला यायची म्हणल्यावर कशावर बसून यील?"

हरिओमनं सुस्कारा सोडला. म्हाताऱ्याचं वय झालं, असं त्याला वाटलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, महानंदा गेलीय."

"ती गेलीय, मला ठावं हाय," दगडोबा म्हणाला. "हिचं इचारतोय मी."

शिवकांताला आनंद झाला नाही. तिला संताप आला होता. एवढी वर्षं दर पंचमीला दारातून रस्त्याकडं बघून तिनं डोळे सुजवून घेतले होते, ते सगळं एकदम वर आलं.

"मला कोण बोलिवलंय पंचमीला?" ती म्हणाली. "सांगा की. कोण आलंय आजवर?"

हरिओमनं पुढं केलेलं पेन दगडोबानं घेतलं, आणि तिच्यापुढं धरलं. "तू सांग," तो म्हणाला. "करू सही?"

हरिओम तिच्याकडं बघू लागला. निर्धास्त होता तो. ही गाडी दारातून जावी म्हणून तिनं किती भांडणं केली होती, त्याला माहीत होतं. आता ती हो म्हणणार होती.

"नका करू," शिवकांता म्हणाली.

"अगं, तूच तर म्हणत हुतीस—"

"हाव. मीच म्हणत हुते." तिनं पेन घेऊन हरिओमच्या खिशाला अडकवलं. मग ती म्हाताऱ्याकडं वळली. आवाज अजून भांडणाचाच होता. "पंचमी सोमवारी हाय. मी आपल्या पायानं येणार न्हाई. न्यायला या. बापानं न्यायला यायचं असतंय."

दगडोबानं मान हलवली की नुसतीच खाली घातली, ते हरिओमला कळलं नाही. म्हातारा जुन्या गाडीपाशी गेला, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि उपरण्याच्या टोकानं लोखंडी पट्टीवरचा चिखल पुसू लागला.

शिवकांता तांब्या घेऊन त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यो मीच उडिवलाय सकाळी."

म्हाताऱ्यानं एका हातानं तांब्या घेतला. दुसरा हात पट्टीवरच होता.