बांधलेले स्क्रॅचर

चंद्रशेखर सबनीसांना नवी वस्तू झिजलेली बघवत नसे. नेपरव्हिलच्या घरात टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लॅस्टिक होतं. जेवणाच्या टेबलावर काच, काचेवर कव्हर आणि कव्हरवर मॅट, म्हणजे मूळ लाकडाचं दर्शन गेल्या कित्येक वर्षांत कुणाला झालं नव्हतं. ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला माणूस. यंत्र असो की बूट, जपून वापरावं, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि अशा माणसाच्या बायकोने रिटायर झाल्यावर स्नोबाईक घेतली!

स्नोबाईक म्हणजे मोटरसायकलच, फक्त पुढच्या चाकाच्या जागी स्की आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी पट्टा. आयडाहोत लेकीकडे, सावनीकडे, हिवाळ्यात जाऊन राहायचं, तिथे डॉक्टर वीणाबाईंना हा नाद लागला. अकोल्याला मेडिकलला असताना लूना पळवायच्या, तीच हौस म्हणा. चंद्रशेखरांनी आधी थट्टा केली, मग हाडं मोडतील म्हणून घाबरवलं, मग चक्क अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. शेवटी सावनीने मध्ये पडून तोड काढली. शनिवारी आईने डोंगरावरच्या लाकडी झोपडीपर्यंत स्वतःची स्वतः बाईक न्यायची. नेली, तर बाईक राहील आणि बाबा पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. नाही जमलं, तर बाईक विकायची. वीणाबाई म्हणाल्या, "मंजूर." चंद्रशेखर तर एका पायावर तयार झाले.

आदल्या संध्याकाळी ते सावनीच्या गॅरेजमध्ये सहज चक्कर मारायला गेले. बाईकच्या पोटाखालून, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, पोलादी तारेचे दोन आकडे लोंबत होते. त्यांची टोकं थेट फरशीला टेकलेली. बाईक जरा हलवली तर सावनीच्या नव्या कोऱ्या फरशीवर कर्रकन ओरखडा! "काय हा गबाळेपणा," ते स्वतःशीच पुटपुटले. आता यात बाईक बिघडवायचा त्यांचा काडीचाही विचार नव्हता, हे मी पैजेवर सांगते. उलट पोरीची फरशी आणि बायकोची बाईक दोन्ही वाचावीत, म्हणून त्यांनी काळे झिप-टाय, म्हणजे तारा आवळायचे प्लॅस्टिकचे बंद, घेतले, ते आकडे वर ओढून करकचून बांधले, उरलेली शेपटं नीट कापली आणि हात धुऊन जेवायला आले.

सकाळी लख्ख ऊन होतं आणि गारठा असा की नाकातला श्वाससुद्धा टोचत होता. रस्ता यंत्राने दाबून सपाट केलेला, त्यावर रात्रभराचा गारठा, त्यामुळे बर्फ नुसता काँक्रीटसारखा. वीणाबाई पुढे स्नोबाईकवर, मागे स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावरच्या दोघांच्या गाडीवर, सावनी आणि तिच्या पाठीमागे चंद्रशेखर. देवदारांच्या मधून वीणाबाई ताठ बसून चालल्या होत्या. छान चालवतेय की, असं चंद्रशेखरांना वाटून गेलं आणि स्वतःचाच राग आला.

दोन-तीन वळणं झाली आणि वीणाबाई थांबल्या. बाईकचा लाल दिवा लागला होता. इंजिन तापलं होतं.

सावनीने वाकून पाणी तपासलं. "कूलंट तर फुल आहे. स्ट्रेंज. स्क्रॅचर्स पण मी कालच खाली सोडलेत."

"स्क्रॅचर्स म्हणजे?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"बाबा, ते खाली दोन वायरचे हुक्स असतात ना, ते. हे इंजिन बर्फावर थंड होतं. पट्टा बर्फ उडवतो, तो कूलरवर पडतो. पण असा हार्ड-पॅक असला की काही उडतच नाही. मग ते स्क्रॅचर्स बर्फ खरवडत जातात, त्याची पावडर उडते आणि कूलरवर बसते. दॅट्स ऑल."

चंद्रशेखरांनी बाईकच्या पोटाखाली नजर टाकली. इंजिनिअर माणूस, पुढचं काही सांगायला लागलं नाही. बाईकखाली सगळं काळंच, त्यात काळे झिप-टाय, वर बर्फाचा थर धरलेला. सावनीने स्वतः काल सोडले म्हणून तिने आज बघितलेच नाहीत.

सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात सावनी म्हणाली, "आई, तू बहुतेक खालच्या गियरमध्येच ओढतेस. शिफ्ट लवकर कर." वीणाबाई "असेल बाई" म्हणाल्या, इंजिन गार झाल्यावर पुन्हा निघाल्या आणि चंद्रशेखर गप्प राहिले. मनात म्हणाले, कदाचित गियरचंच असेल. खोटं! त्यांना पक्कं माहीत होतं ते खोटं आहे. पण गप्प बसलं की बाईक जाणार होती, बायको धडधाकट घरी येणार होती, आणि त्यासाठी त्यांना काहीही करावं लागणार नव्हतं.

चढ लागला आणि थोड्याच वेळात दिवा पुन्हा लागला.

या वेळी वीणाबाईंनी इंजिन बंद करून हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. त्यांनी हातमोजे काढले आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरचे हात ते, आयुष्यात कधी चुकले नव्हते.

"जाऊ दे गं सावनी. गियर लवकर टाकते म्हणते, तरी होतंच आहे. हात गेले माझे. आता हे काही खरं नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या, जिंकलात तुम्ही. विकून टाकू."

चंद्रशेखरांना वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. पण तसं काही वाटलं नाही. रिमोटवरच्या प्लॅस्टिकची सुद्धा काळजी करणाऱ्या या माणसाला, आपल्या बायकोचा चेहरा असा विझलेला बघवेना.

"वीणा, तुझे हात शाबूत आहेत," ते म्हणाले. "ते स्क्रॅचर मी बांधून ठेवलेत. काल. फरशी खराब होईल म्हणून."

"बाबा! आर यू सिरियस?" सावनी गुडघ्यांवर बसून बाईकखाली बघायला लागली. "ओ माय गॉड. शेपटं पण कापलीत नीट!"

वीणाबाई त्यांच्याकडे वळल्या. आता आभाळ कोसळणार, म्हणून चंद्रशेखरांनी मान खाली घातली. पण कानावर आलं ते भलतंच.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही."

"गियर बरोबर पडत होते?"

"अगदी बरोबर. मागून बघत होतो ना मी. झकास चालवतेस तू."

वीणाबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटाने पुसलं. आणि मग हसू थांबलं.

"मघाशी सावनीने सांगितलं तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

वीणाबाईंनी हातमोजे पुन्हा चढवले. सावनीने पकडीने झिप-टाय कापले. स्क्रॅचर टणकन बर्फावर टेकले. वीणाबाईंनी हेल्मेट चढवलं, बाईक सुरू केली आणि मागे वळून न बघता निघाल्या. पट्ट्याखालून बर्फाचा पांढरा भुगा उडत राहिला आणि तो दिवा काही पुन्हा लागला नाही.

चंद्रशेखर झोपडीपाशी पोचले, तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर उन्हात बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. बाईक शेजारी उभी. आत शेकोटीपाशी जायच्या निमित्ताने सावनी शहाण्यासारखी सटकली.

चंद्रशेखर समोर उभे राहिले. सूटकेसच्या कव्हरावरसुद्धा तासभर व्याख्यान देणाऱ्या या माणसाने एकच शब्द काढला.

"पोचलीस," ते म्हणाले.

"पोचले."

"मग... बाईक ठेवायची तर."

"बाईक तर मी ठेवणारच आहे," वीणाबाई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "तुम्हाला ठेवायचं की नाही, ते बघते."

आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी नवऱ्याला जागा करून दिली.