मावशीची कवळी आणि कराचा परतावा

अमेरिकेतल्या टोलीडोत फेब्रुवारी हा सणाचा महिना आहे. कराचा परतावा येतो. सरकारने वर्षभर पगारातून जास्तीचे कापून ठेवलेले आपलेच पैसे परत मिळतात आणि लोक त्याबद्दल कृतज्ञही असतात. शाळेची बस चालवणाऱ्या लोर्नाला यंदा चार हजार शंभर डॉलर आले. पित्ताशय काढल्याचे हॉस्पिटलचे बिल एकसष्ट हजारांचे होते. म्हणून ती दिवाळखोरीचा अर्ज करणार होती.

वकिलाने तिला हे शास्त्र नीट समजावले होते. अर्जाच्या दिवशी शिल्लक असलेल्या परताव्यावर घेणेकऱ्यांचा डोळा; त्याआधी गरजेवर खर्चलेला आपला. गाडीचे टायर चालतील, घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी चालेल, दातही चालतील. पावत्या तेवढ्या जपायच्या. लोर्नाने टायर घेतले, भट्टी दुरुस्त केली, आणि मग कुणालाच न विचारता सभ्यपणा केला: आजारपणात व्हर्लीन मावशीने उसने दिलेले एकोणीसशे डॉलर तिने फेडले. त्या घरात आधी माणसांचे देणे फिटते, मग कंपन्यांचे. कायद्याला ही रीत लबाडीची सख्खी बहीण वाटते.

अर्जानंतर महिन्याभराने दिवाळखोरीच्या विश्वस्तापुढे, म्हणजे मोबाईलच्या पडद्यापुढे, उजवा हात वर करून शपथ घ्यायची वेळ आली. घेणेकऱ्यांसाठी पैसे हुडकणे हे विश्वस्ताचे काम. जे सापडेल त्यात त्याचा टक्का. इंटरनेट मावशीकडे होते, म्हणून लोर्ना तिच्याच स्वयंपाकघरात बसली होती. गेल्या वर्षभरात कुणा नातेवाइकाला पैसे दिलेत का, असे विश्वस्ताने विचारले. पडद्याबाहेरून मावशी मानेने ‘नाही’ सांगत होती.

“मावशीला दिले,” लोर्ना म्हणाली. “एकोणीसशे.”

पडद्याच्या एका चौकटीत वकिलाने डोळे मिटले. विश्वस्ताने अत्यंत सौजन्याने सांगितले की, एका घेणेकऱ्याला असे झुकते माप देता येत नाही. ती रक्कम आता मावशीकडून वसूल करावी लागेल.

मावशीने खुर्ची पुढे ओढली, तोंडात बोटे घातली आणि दोन्ही नव्या कवळ्या कॅमेऱ्यासमोर धरल्या.

“घे बाळा, इथेच आहेत तुझे एकोणीसशे,” ती बोळक्या तोंडाने म्हणाली. “धुऊन पाठवू की अशाच?”

“मावशे, शपथ चालू आहे.”

“तुझी. मी कुठे घेतलीय?”

विश्वस्ताने नोंद घेतल्याचे सांगितले. पुढचे तीन आठवडे मावशी दात घासताना दार लावून घेई.

मग पत्र आले. वापरलेली कवळी, विक्रीमूल्य शून्य. मावशीचे उत्पन्न म्हातारपणाची सरकारी पेन्शन, तिला हात लावता येत नाही. सबब वसुली सोडून देण्यात येत आहे. हेच दात लोर्नाने स्वतःच्या तोंडात बसवले असते, तर पावती पाहून कुणी चकार शब्द काढला नसता, असे वकील म्हणाला. स्वतःची फी त्याने अर्जाआधीच घेतली होती.

मावशीने पत्र फ्रिजवर चिकटवले आणि आतून एक सफरचंद काढले. लोर्नाने सवयीने सुरी पुढे केली. मावशीने ती बाजूला सारली.